पोर्टोतला खलबत्ता

पोर्टो, पोर्तुगाल
१७ एप्रिल २०२५

जाऊबाई,

धाकट्या जावेचा दुरून पायांवर डोकं ठेवून नमस्कार. फोनवर बोलावं तर तुमच्या कानाला ऐकू येत न्हाई, म्हणून कागदच बरा. मी लिहून फोटो काढते, पायलच्या मोबाईलवर टाकते. तुमची ही गुणी सून तो छापून तुमच्या हातात देईल. तुम्ही बी तसंच करा.

मी सुखरूप पोचले. मुंबईच्या विमानतळावर पोलिसानं बॅग उघडली अन् सासूबाईचा लोखंडी खलबत्ता बाहेर काढला. म्हणला, मावशी हे काय? मी म्हणलं, बाबा, ह्याच्याशिवाय मला जेवण जात न्हाई. हसला अन् जाऊ दिलं. पण इथं आल्यावर अर्पितानं कपाळाला हात लावला. म्हणली, "आई, चार किलोचं लोखंड घेऊन आलीस? घरात मिक्सर आहे, हे बाहेर काढायचं नाही." मी हो हो म्हणलं. पोरगी सकाळी सहाला दवाखान्याच्या लॅबमध्ये जाते. तिची पाठ फिरली की मी खलबत्ता काढते. तिला सांगू नका.

आता खाण्याचं ऐका. दुसऱ्याच दिवशी तिनं मला एका दुकानात नेलं. काचेच्या कपाटात वाटीएवढ्या टोपल्या मांडलेल्या, पापुद्र्याच्या, आत अंड्याच्या बलकाची पिवळी मलई आन वरून काळे डाग. मला वाटलं, जळका माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारून राह्यले. मी परतच देणार होते. पोरगी म्हणली, आधी खा. खाल्लं. अग्गं बाई! पापुद्रा कडाकडा मोडला आन मलई जिभेवर अशी पसरली की मला बोलताच येईना. वरून दालचिनीची पूड. नाता म्हणतात त्याला. मी उभ्या उभ्या चार खाल्ल्या आन दुकानदारीण माझ्याकडं पाहून हसली. मला बिलकुल लाज वाटली न्हाई.

एक काळजी तेवढी हाये. घरमालकीण एमिलियाबाई आमच्या खालीच राहती. करार तीस जूनला संपतो, पुढं घर द्यायचं का न्हाई ते तिच्या मनावर. इथं घर मिळणं लई अवघड. अर्पितानं आधी सात महिने एका खोलीत चौघींसंगं काढले, आपल्याला कधी सांगितलं न्हाई. हे घर दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. हे गेलं तर परत तीच खोली. म्हणून मला बजावलंय, आई, मालकीणबाईचं मन राख.

तर काल तिनंच आमच्या दारात ताटली ठेवली! वर स्वच्छ फडकं, आत सहा नाता आन एक घडी घातलेला फुलाफुलाचा कागद, त्याच्यावर त्यांच्या भाषेत काहीबाही लिहिलेलं. दुकानाची जाहिरात असंल. अर्पिता यायच्या आत मी पाच संपवल्या. आता ही ताटली परत कशी देऊ, ते सांगा. तिकडं ह्यांच्या जेवणाकडं लक्ष असू द्या.

तुमची शालू


वडीगोद्री
२२ एप्रिल २०२५

शालू,

तुला आशीर्वाद आन तुझ्या पोटाला पण. सहातल्या पाच खाल्ल्यास? लेकीला एक ठेवलीस? धन्य हाये बाई तुझी.

रामप्रसाद भावजी दोन्ही वेळा आमच्यातच जेवतात. रोज म्हणतात, वहिनी, भाकर मऊ झाली. घरी तू कडक करत होतीस का? तुझं पत्र पायलनं अंगणात बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. तुझे मोठे दीर म्हणाले, जळकं अंडं खायला एवढ्या लांब कशाला जायचं.

आता ताटलीचं. हे काय विचारणं झालं? आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत गेलंय का कधी? पाटलाच्या घरचं असो का शेजारणीचं, निदान चिमूटभर साखर तरी घालून देतो आपण. तिथं आपल्या घराचं नाव हाये. शेंगदाण्याचे लाडू कर. गूळ आन दाणे तू नेलेतच. पण मिक्सरला लावशील तर बघ! तेल सुटतं आन चिकट गोळा होतो. खलबत्त्यात कूट, दणकून कूट, आन सकाळच्या पारी कुटून ताजे धाड. तो फुलाचा कागद फेकू नको, तोच लाडवाखाली अंथर. तूप टिपतो आन तिचा कागद तिला परत बी जातो.

मालकीण खूश झाली की घर पक्कं समज.

केशरबाई


पोर्टो
९ मे २०२५

जाऊबाई,

तुमचा सल्ला लाखमोलाचा निघाला! अकरा लाडू तिच्या दारात ठेवले, खाली तिचाच कागद. चौथ्या दिवशी ताटली परत आमच्या दारात! ह्या बारीला तिकोनी पापुद्रे, वरून साखरेचा पांढरा थर. परत एक फुलाचा कागद. मी परत लाडू केले, परत कागद खाली अंथरला. आतापर्यंत पाच ताटल्या झाल्यात. ती हरत न्हाई आन मी बी हरत न्हाई. अर्पिता म्हणती, आई, तू तर तिला मैत्रीणच करून टाकलंस. मला घराची आता काळजी वाटत न्हाई.

आन मी एकटी बाहेर पडते बरं का. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, भाषा येत न्हाई, काय मागावं? म्हणलं पाव. त्या माणसानं पाव दिला! मी तिथंच टाळी वाजवली. मंग दुसऱ्या दिवशी बोटानं दाखवून मक्याची भाकर आणली. जाड, वरून भेगाळलेली, ब्रोआ म्हणतात. आपल्या ज्वारीच्या भाकरीची थोरली बहीणच. तिच्यावर शेंगदाण्याची चटणी आन तेल घालून खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं. सुक्या माशाचे वडे खाल्ले. बारीक चिरलेल्या हिरव्या पाल्याचं सूप प्याले. नदीकाठी बसून एकटीनं नाता खाल्ली, कुणाला वाढायचं न्हाई, कुणाचं ताट उचलायचं न्हाई. जाऊबाई, लगीन झाल्यापासून मी पहिल्यांदा गरम गरम खाल्लं.

एक मात्र वाटतं. काल एमिलियाबाई जिन्यात भेटली. साठीची असंल, माझ्याच वयाची. डोळे लाल, चेहरा उतरलेला, मी हसले तर ती हसली न्हाई. पायरीवर हात टेकून उभी राहिली आन माझ्या हातांकडंच पाहत राहिली. अशक्तपणा असावा. एकटीच हाये, कोण करून घालणार? म्हणून आता मी दुप्पट दाणे कुटून राह्यले. रोज सकाळी साडेसहाला बसते ते आठपर्यंत.

शालू


वडीगोद्री
१५ मे २०२५

शालू,

अशक्तपणा असंल तर नुसत्या दाण्यांनी भागत न्हाई. खारीक घाल. पायलचा चुलतभाऊ तिकडं चाललाय, त्याच्याबरोबर दोन किलो खारीक आन डिंक धाडलाय. खारीक कुटायला जोर लागतो, नेटानं कूट, खलबत्ता भुईवर टेकवून दोन्ही हातांनी. बाळंतिणीला उठवून बसवते ती खारीक, तुझी मालकीण काय चीज हाये.

मी पण ती तुझी नाता करून पाहिली. कढईत मीठ तापवलं, मैद्याच्या पारीत अंडं आन साखर घातली, वर ताट झाकलं. झाली बराबर. अगदी तशीच झाली. तुझ्या दिरानं एक घास खाल्ला आन उरलेलं कोंबड्यांना घातलं, त्यांना काय कळतंय.

ज्वारीची थोरली बहीण म्हणे! ज्वारीला बहीण न्हाई, ती एकलीच हाये. पण मला सांग, त्या भाकरीला वास कसा येतो? उलथताना पापुद्रा सुटतो का? आन नदीकाठी एकटी बसलीस तेव्हा कुणी काही बोललं न्हाई? सगळं बारकाईनं लिहीत जा. मला काही तसली हौस न्हाई, पायल विचारून राह्यली म्हणून.

केशरबाई


पोर्टो
४ जून २०२५

जाऊबाई,

कसं लिहू. माझ्या हातानं मी पोरीचं घर घालवलं.

सोमवारी रजिस्टर पत्र आलं. एमिलियाबाई करार वाढवणार न्हाई. तीस जूनला घर रिकामं करा. अर्पिताचा चेहरा पांढराफटक पडला. ती खाली गेली विचारायला. अर्ध्या तासानं वर आली तेव्हा हातात माझे सगळे फुलाचे कागद. नऊ कागद, जाऊबाई, नऊच्या नऊ तुपानं माखलेले. ती खाटेवर बसली आन एकेक वाचून मला सांगायला लागली.

पहिल्या कागदावर लिहिलं होतं, "तुमच्या आईचं स्वागत. मी रात्रभर बेकरीत काम करते, सकाळी सहाला येऊन झोपते. कृपा करून सकाळी ठोकठोक करू नका." दुसऱ्यावर, "माझ्या डोक्यावरच ठोकतात, जरा उशिरा करता येईल का?" पाचव्यावर, "तीन आठवडे झाले, मी झोपले नाही." शेवटच्यावर एकच ओळ, "आता तर छताची माती पडते आहे." ती खारीक, जाऊबाई.

बाई रीतीची हाये. तक्रार करायची तर तोंड गोड करून करायची, म्हणून दर बारीला खाऊ धाडत होती. आन मी तिच्या विनंतीवर लाडू ठेवून तिलाच परत करत होते. दुसऱ्या दिवशी तिच्याच ताटलीत घालायला अजून जोरानं कुटत होते. तिला वाटलं, ही बाई माझा अपमान करून राह्यली.

माझ्या उभ्या जन्मात माझ्या पायाखाली कुणी राहिलं न्हाई. आपल्या फरशीखाली भुई, भुईखाली अजून भुई. इथं लाकडाच्या फळ्या आन फळ्यांखाली एक दमलेलं माणूस झोपलेलं, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई.

अर्पिता ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणली, "आई, तू मला नको म्हणलेलं केलंस." आन आंघोळीला गेली, लई वेळ बाहेर आली न्हाई. सव्वीस दिवसांत घर कुठून मिळायचं तिला? मी तिकीट बदलून परत येते म्हणते. मी गेले तर मालकिणीचा राग तरी जाईल. तीन दिवस झाले, गोड काही तोंडात घातलं न्हाई.

शालू


वडीगोद्री
५ जून २०२५

शालू,

खबरदार तिकीट बदलशील तर. पोरीला संकटात टाकून पळून येणारी बाई आपल्या घरात आली न्हाई अजून.

चूक तुझी एकटीची न्हाई. कूट म्हणणारी मी, खारीक धाडणारी मी, कागद अंथर म्हणणारी बी मीच. पत्र वाचून मी दोन भाकरी जाळल्या.

पण तू एक चूक केलीस ती मला आत्ता कळली. तू ताटली दारात ठेवून येत होतीस! अगं, आपल्यात भांडं दारात ठेवून कोण पळतं? भांडं हातात द्यायचं असतं. हातात दिलं की माणूस तोंडाकडं बघतं, दोन शब्द बोलतं, बस म्हणतं. पहिल्याच दिवशी हातात दिलं असतंस तर त्या बाईनं कानावर हात ठेवून तुला दाखवलं असतं आन विषय तिथंच मिटला असता. भाषा नसली म्हणून काय झालं, मला तर कानच न्हाईत, माझं अडतंय का काही?

आता मी सांगते ते कर. ती झोपून उठली की खाली जा. अर्पिताला नेऊ नको, एकटी जा. लाडू नेऊ नको. खलबत्ता घेऊन जा आन तिच्या हातात देऊन टाक. कायमचा. सासूबाईचा हाये, मला ठाऊक हाये. माझ्या हाताला त्याची मूठ अजून आठवते. पण पोरीच्या डोक्यावरचं छप्पर मोठं का लोखंड मोठं? दे आन हात जोड.

केशरबाई


पोर्टो
२७ जून २०२५

जाऊबाई! ओ जाऊबाई!

पायलला सांगा, खुर्ची घेऊन अंगणात बस आन मोठ्यांदा वाच, गल्लीला ऐकू जाऊ दे. घर राहिलं! तीन वर्षांचा करार झाला! काल एमिलियाबाईनं सही केली, अर्पितानं केली आन साक्षीला माझी सही घेतली, मराठीत.

आता पहिल्यापासून सांगते. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी चार वाजता गेले. दार वाजवलं. तिनं उघडलं, मला पाहिलं, माझ्या हातातला खलबत्ता पाहिला आन एक पाऊल मागं सरली. मी तो तिच्या हातात दिला. वजनानं खालीच वाकली बिचारी. मी हात जोडले. मंग गालाखाली हात ठेवून झोपल्यासारखं दाखवलं, वर छताकडं बोट केलं, माझ्याच थोबाडीत मारून घेतली आन मला रडू फुटलं. काय बोलले ते आठवत न्हाई, सगळं मराठीतच बोलले. तिनं खलबत्ता खाली ठेवला, माझा हात धरला आन आत नेलं.

स्वयंपाकघराला दगडी फरशी, जाऊबाई! आपल्यासारखी! टेबलावर एक डबा होता, तो तिनं उघडून दाखवला. आत तुमच्या पद्धतीचे चार लाडू, जपून ठेवलेले. बाईला राग आला होता, झोप येत न्हव्हती, पण लाडू एक बी टाकला न्हव्हता. सगळे खाल्ले होते आन शेवटचे चार पुरवून खात होती! मी रडता रडता हसायला लागले, ती बी हसायला लागली.

मंग तिनं खलबत्ता फरशीवर मांडला, कपाटातले दाणे घातले आन मला हातानं खुणावलं, कूट. मी दोन्ही कान धरले, म्हणलं आता मेले तरी कुटणार न्हाई. तर तीच मांडी घालून बसली आन लागली कुटायला. धरायचं कसं ते ठाऊक न्हाई, दाणे चौफेर उडाले. मी तिची मूठ बराबर करून दिली. तेव्हापासून रोज चारला मी खाली जाते. ती मला पापुद्र्याचं पीठ लाटायला शिकवती, लोण्याच्या घड्या घालायच्या, गार करायचं, परत घड्या. मी तिला दाणे-गूळ शिकवते. चौथ्या दिवशी तिनं काय केलं, पापुद्र्याच्या टोपलीत मलईच्या खाली आपल्या दाण्या-गुळाचा थर घातला आन भट्टीत टाकलं. बाहेर आलं तेव्हा गूळ विरघळून कडेला खदखदत होता. आम्ही दोघींनी फुंकर मारून खाल्लं आन एकमेकींकडं बघत राहिलो. अर्पिता लॅबमधून आली, एक खाल्ली, आन माझ्या गळ्यातच पडली. ते रजिस्टर पत्र आल्यापासून पहिल्यांदा.

तेवीस तारखेला इथं सेंट जॉनचा मोठा सण असतो. सगळं गाव रस्त्यावर, दारोदार शेगड्या, त्याच्यावर मासे भाजून राह्यलेत, आन लहानथोर प्लॅस्टिकचा हातोडा घेऊन ज्याच्या त्याच्या डोक्यात हळूच मारतात. कुणी रागवत न्हाई! मी बी एक हातोडा घेतला आन एका मिशाळ माणसाच्या टकलावर हाणला. त्यानं वाकून नमस्कार केला. ब्रोआवर ठेवून सात मासे खाल्ले, मोजून सात. एमिलियाबाईनं दारासमोर टेबल मांडलं, आमच्या दोघींच्या हातच्या दीडशे टोपल्या. दिवेलागणीच्या आत ताटं साफ! एक म्हातारा तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याला कडेचा चुरा दिला, तो बी त्यानं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्पिताला करार वाढवते म्हणून सांगितलं. करारात तिनं हातानं एक कलम घातलंय, खलबत्ता खालच्या मजल्यावर राहील आन दुपारी चारनंतरच चालेल. आपला खलबत्ता सरकारी कागदावर चढला!

आन आता मुख्य गोष्ट. तिच्या बेकरीच्या मालकानं ती टोपली रोज विकायला ठेवलीय. नाव काय ठेवायचं म्हणून एमिलियाबाईनं अर्पिताकरवी मला विचारलं, तुझं ठेवू का? मी म्हणलं, न्हाई. खरं ते खरं. कुटायची रीत माझी न्हाई, लाडू माझा न्हाई, ज्या बाईनं मला ढकलून तुझ्या दारात धाडलं तिचं ठेव. जाऊबाई, पोर्टोच्या भर बाजारात काचेवर पाटी लागलीय, "केशर". फोटो संगं धाडते. मी पाच जुलैला निघते.

तुमची शालू


वडीगोद्री
१ जुलै २०२५

शालू,

पायलनं मोठ्यांदा वाचलं. शेवटाला आली आन थांबली. मी म्हणलं, काय झालं, वाच की. तिनं फोटो माझ्यापुढं धरला. आधी मला वाटलं, कुण्या दुसऱ्या केशरचं नाव असंल.

आता खरं सांगते. तुझं पहिलं पत्र आल्यापासून मी जळून राह्यले होते. माझी नाता बिघडली होती, कोंबड्यांनी बी खाल्ली न्हाई. तू नदीकाठी एकटी बसून गरम खाल्लंस ते मी चार बारी वाचलं. एकोणसत्तर वर्षांची झाले, शालू. हजार माणसांच्या पंगती उठवल्या मी ह्या हातांनी, आन मला काय आवडतं ते कुणी विचारलं न्हाई. मी बी स्वतःला विचारलं न्हाई.

तर काल सकाळी चुलीवरचं उतरवलं आन पायलला घेऊन हायवेवरच्या ऑनलाईन सेंटरात गेले, पासपोर्टचा फॉर्म भरला. फोटो काढला, मी हसले तर फोटोवाला म्हणला, आजी, हसायचं न्हाई. लई अवघड गेलं. अर्पिताशी पायलनं बोलून घेतलंय. तीन वर्षं घर पक्कं हाये, खाट हाये, पुढच्या उन्हाळ्यात या म्हणली. तू पण चल परत. तुझ्याशिवाय मला ते दुकान कोण दाखवणार?

घरी आले तर ओसरीवर तुझे दीर आन भावजी बसलेले. म्हणाले, पासपोर्ट कशाला? अर्पिताचं लगीन ठरलं का? मी म्हणलं न्हाई. मंग कुणाचं बाळंतपण हाये का? म्हणलं न्हाई. कुणी आजारी हाये? न्हाई. मंग एवढ्या लांब चाललीस तरी कशाला?

मला कमी ऐकू येतं म्हणून मी जरा मोठ्यांदाच बोलते, तुला ठाऊक हाये. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"खायला!"

केशरबाई